परदेशी विद्यापीठाशी करार झाला, पुढे काय?

पत्र

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका व्यवस्थापन महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. एमबीएला मार्केटिंग आणि सप्लाय चेन शिकवते. आमच्या संस्थेने गेल्या काही वर्षांत परदेशी विद्यापीठांशी सहा एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, केले. सह्या झाल्या, फोटो छापून आले, पण त्यानंतर एकाही करारावर काम झालं नाही. आता नॅकची, म्हणजे कॉलेजच्या दर्जाच्या मूल्यांकनाची, तयारी सुरू आहे आणि ‘फंक्शनल एमओयू’ दाखवायचे आहेत, म्हणून संचालक सरांनी इंटरनॅशनल सेल माझ्याकडे दिला. एका ऑनलाइन परिषदेत माझी नेदरलँड्समधल्या बिझनेस स्कूलच्या एका प्राध्यापकांशी ओळख झाली. तेही सप्लाय चेनच शिकवतात. ‘आपण मिळून काही शिकवू या का, काही संशोधन करू या का’ असा त्यांचा मेल आला आहे. मी दोन आठवडे उत्तर दिलेलं नाही. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजकडे त्यांना देण्यासारखं काय आहे, हेच मला कळत नाही. मुलं हुशार आहेत, पण इंग्रजी बोलायला घाबरतात.

दुसरीकडे एक एजन्सी दर विद्यार्थ्यामागे पावणेतीन लाखांत दहा दिवसांची ‘ग्लोबल इमर्शन’ टूर आणि परदेशी विद्यापीठाचं सर्टिफिकेट देऊ करते आहे. संस्थेत बऱ्याच जणांना तेच सोपं वाटतंय. विभागप्रमुखांचं म्हणणं आहे की आमच्या तयार असलेल्या एका पेपरवर त्या डच प्राध्यापकांचं नाव घालावं, म्हणजे ‘इंटरनॅशनल कोलॅबोरेशन’ दाखवता येईल. मी काय करू?

— एक प्राध्यापिका

उत्तर

प्रिय मॅडम,

आधी त्या प्राध्यापकांच्या मेलला उत्तर द्या. आजच द्या. प्रस्ताव तयार नसला तरी चालेल. ‘मला रस आहे, येत्या आठवड्यात एक पानाची कल्पना पाठवते’ एवढं पुरे. आपल्याकडे उत्तराला उशीर झाला तर कुणी फार मनाला लावून घेत नाही. डच माणूस मात्र कामाच्या मेलवरची शांतता हा नकार समजतो, आणि त्यांच्या डायऱ्या कित्येक आठवडे आधीच भरलेल्या असतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. ‘त्यांना देण्यासारखं काय आहे’ हे तुम्ही नाशिक जिल्ह्यातून विचारताय, आणि समोरचा माणूस नेदरलँड्सचा आहे! या दोन ठिकाणांना जोडणारा धंदा तुमच्या कॉलेजच्या आसपास दर हंगामात चालतो. दिंडोरी, निफाडकडची द्राक्षं जानेवारी ते एप्रिल या काळात पॅकहाऊसमध्ये निवडली जातात, प्रीकूलिंग होऊन कंटेनरमध्ये चढतात, न्हावा शेवाला जातात आणि तिथून जहाजाने रॉटरडॅमला पोचतात. युरोपात भारतीय द्राक्षं सगळ्यात जास्त उतरतात ती नेदरलँड्समध्ये. तिथून ती जर्मनीत आणि आणखी कुठे कुठे वाटली जातात. तुमच्या डच सहकाऱ्यांनी ती सुपरमार्केटात अर्ध्या किलोच्या डबीत नक्की पाहिली असतील. पण गोडी छाटणीपासून (ऑक्टोबरच्या सुमाराची, फळासाठीची छाटणी) काढणीपर्यंत बागायतदाराने काय काय पणाला लावलं, औषधं कुणाच्या उधारीवर आली, निर्यातदाराने भाव आधी ठरवला की माल तिकडे विकला गेल्यावर कळवला, हे त्यांना तिथे बसून कधीच कळणार नाही. तुमच्या वर्गातल्या कित्येक मुलांनी ते घरात जेवताना ऐकलेलं असतं.

२०१० चा हंगाम आठवा. त्या वर्षी युरोपातल्या प्रयोगशाळांना आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आपले बागायतदार ज्याला लिहोसीन म्हणतात तेच हे, वेलीची फाजील वाढ रोखणारं संजीवक. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्या यादीत ते नव्हतंच. शेतकऱ्याच्या हातात माल पास झाल्याचा अहवाल आणि माल मात्र परदेशात अडकलेला, अशी अवस्था झाली. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही माग काढण्याची व्यवस्था तोवर सुरू झालेली होती, म्हणजे पेटीवरून थेट बागेपर्यंत पोचता येत होतं. तरीही हे घडलं. मग तोटा कुणी सोसायचा? बागायतदाराने, निर्यातदाराने की आयातदाराने? कोणती रसायनं तपासायची हे ठरवताना खरेदीदार देशातली माहिती आपल्यापर्यंत पोचवण्याचं काम कुणाचं होतं?

एमबीएच्या वर्गात दोन तास वाद रंगेल असं हे प्रकरण आहे. त्यातली अर्धी माणसं तुमच्या बाजूला आहेत: बागायतदार, पॅकहाऊसवाले, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. उरलेली अर्धी तिकडे आहेत. आयातदाराने माल कोणत्या क्षणी थांबवला, सुपरमार्केटांनी त्याच्यावर काय दबाव आणला, जर्मनीतल्या काही साखळ्या कायद्याहूनही कडक मर्यादा स्वतःच लावतात ती कोणत्या हिशेबाने, हे प्रश्न तिथल्या माणसाने तिथल्या भाषेत विचारायला हवेत. एका टोकाला बसून ही केस, म्हणजे वर्गात चर्चेला घ्यायचा खऱ्या घटनेचा अभ्यास, पूर्ण लिहिताच येणार नाही. भागीदारी म्हणतात ती इथे लागते.

जुनं प्रकरण नको असेल तर ताजं घ्या. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी वाढला, भाडं वाढलं, आणि नाशवंत फळाला ते दोन आठवडे फार महाग पडतात. तो वाढीव खर्च साखळीत कुणाच्या अंगावर गेला? किंवा पेटंट असलेल्या नव्या वाणांचा प्रश्न घ्या. थॉमसन सीडलेस लावायला कुणाची परवानगी लागत नाही, पण परदेशी कंपनीचं वाण लावायचं तर परवाना लागतो, रॉयल्टी लागते. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने अशी वाणं आणली. १९९१ पासून चाललेल्या महाग्रेप्सचा मार्ग वेगळा होता, सहकारी संस्थांना एकत्र बांधून निर्यात करण्याचा. शेतकऱ्यांच्या दोन संघटना, दोन रचना, बाजार एकच. याच्यावर एक चांगला तुलनात्मक अभ्यास तुम्ही आणि ते मिळून करू शकता, आणि तो वाचायला व्यवस्थापनाचे अभ्यासकच काय, बागायतदारही येतील.

मुंबईच्या डबेवाल्यांवरची केस हार्वर्डचे स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये लिहिली. उत्तम केस आहे, जगभर शिकवली जाते. आपल्या संस्था ती पैसे देऊन घेतात आणि मुंबईच्या मुलांना शिकवतात. मला त्यात थॉम्के यांचा काहीच दोष दिसत नाही. त्यांनी येऊन पाहिलं, मेहनत घेतली. पण आपल्या दारात जे घडतं ते लिहून काढण्याची सवय आपण लावून घेतली नाही, याचं वाईट वाटतं. तुम्हाला ती सवय लावून घ्यायची संधी चालून आली आहे.

संचालक सरांशी बोलताना एक जुना संदर्भ उपयोगी पडेल. १९५९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले जॉर्ज रॉबिन्स फोर्ड फाउंडेशनच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. व्यवस्थापनाची स्वतंत्र संस्था मुंबईत काढावी, अशी त्यांची शिफारस होती. मुंबईत ते जमलं नाही. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने १९६१ मध्ये ती संस्था अहमदाबादला उभी राहिली, हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या सहकार्याने. त्याच वर्षी कलकत्त्याची संस्था एमआयटीच्या स्लोन स्कूलच्या मदतीने निघाली. मुंबई विद्यापीठाने पुढे १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट काढली. अहमदाबादच्या त्या करारातून प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. तिथले तरुण भारतीय अध्यापक हार्वर्डला गेले, केस पद्धतीने कसं शिकवायचं ते शिकून परत आले आणि इथल्या कारखान्यांत, इथल्या शेतीत, सहकारी संस्थांत जाऊन स्वतःच्या केस लिहू लागले. हार्वर्डशी असलेलं ते औपचारिक सहकार्य काही वर्षांत संपलं. अध्यापक राहिले, केस राहिल्या. म्हणून सरांना विचारा: तुमच्या सहा करारांपैकी कोणत्या करारात एका तरी अध्यापकाचं नाव आहे? मी पाहिलेल्या बहुतेक मेलेल्या करारांत कुलगुरूंच्या सह्या असतात, ‘विद्यार्थी-अध्यापक देवाणघेवाण, संयुक्त संशोधन, परिषदा’ अशी सगळीकडे चालणारी यादी असते, आणि काम कोण करणार याचा पत्ता नसतो.

आता प्रत्यक्ष सुरुवात. माझं सांगणं असं की पहिल्या वर्षी फक्त सहा आठवड्यांचा एक जोड-उपक्रम करा. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने, म्हणजे सनीने, २००६ मध्ये यासाठी खास केंद्र काढलं आणि ‘कॉईल’ या नावाने ही पद्धत आता बऱ्याच देशांत चालते. दोन देशांतले दोन अध्यापक आपापला विषय आपापल्या वर्गात शिकवत राहतात. मधले काही आठवडे दोन्ही वर्गांतल्या मुलांचे मिश्र गट ऑनलाइन एकत्र काम करतात. विमानाचं तिकीट लागत नाही, व्हिसा लागत नाही. प्रत्येक अध्यापक आपल्या मुलांना आपल्या नियमाने गुण देतो. तुमचं कॉलेज पुणे विद्यापीठाशी संलग्न असेल तर हे काम सीसीईच्या, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाच्या, गुणांत बसवता येईल. पदवीला हात लागत नाही, त्यामुळे संयुक्त पदवीच्या नियमांत अडकायचं कारण नाही.

ते नियम तुमच्या संस्थेत कुणीतरी काढणारच, म्हणून थोडक्यात सांगते. यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांत ट्विनिंग (काही शिक्षण इथे, काही तिथे), संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी असे तीन प्रकार आहेत. नॅकचे किमान ३.०१ गुण असलेली, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात असलेली, किंवा इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स ठरलेली भारतीय संस्था टाइम्स वा क्यूएस क्रमवारीतल्या पहिल्या हजारातल्या परदेशी संस्थेशी यूजीसीच्या वेगळ्या मंजुरीशिवाय असा करार करू शकते. इतरांना मंजुरी घ्यावी लागते. ट्विनिंगमध्ये परदेशी संस्थेचे श्रेयांक जास्तीत जास्त ३० टक्के. फ्रँचायझी पद्धतीला बंदी. संलग्न कॉलेज स्वतः पदवी देत नाही, त्यामुळे विद्यापीठाला बाजूला ठेवून यातलं काहीच करता येणार नाही. तुमच्यासाठी हा आत्ताचा विषय नाही. दोन-तीन वर्षं जोडवर्ग चालले, तर पुढे बघा.

वेळ कोणती निवडायची? फेब्रुवारी-मार्च. दोन्हीकडे वर्ग चालू असतात आणि तुमच्याकडे पॅकहाऊस भरलेले असतात. हिवाळ्यात नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेतीन तास. आपल्याकडचे दुपारचे अडीच म्हणजे तिथले सकाळचे दहा, दोघांनाही सोयीचे. पहिला आठवडा कामाचा ठेवू नका, मुलांना एकमेकांची ओळख होऊ द्या. पाच-सहा जणांचे गट करा. प्रत्येक गटाने एक पेटी निवडायची आणि तिचा पैसा बागेपासून दुकानाच्या फळीपर्यंत कुठे कुठे वाटला गेला ते शोधायचं. तुमची मुलं बागेत आणि पॅकहाऊसमध्ये जातील, तिकडची मुलं आयातदाराकडे आणि दुकानात. शेवटी एकच अहवाल.

इंग्रजीची काळजी इथे बरीचशी मिटते. वर्गात उभं राहून इंग्रजीत भाषण करायला घाबरणारी मुलगी पिंपळगावच्या बागायतदाराशी मराठीत तासभर बोलू शकते, आणि त्यातून जे मिळतं ते तिच्या गटातल्या एकाही डच मुलाला मिळणार नाही. तिला ते गटाला समजावून सांगावंच लागेल. सांगण्यासारखं हातात असलं की भाषा सुटते, हे मी वर्गांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. शिवाय डच मुलांचीही मातृभाषा इंग्रजी नाही, हे तुमच्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. सुरुवातीला लेखी काम जास्त ठेवा, व्हिडिओवरचं बोलणं हळूहळू वाढवा, आणि मुलाखतींचं भाषांतर करण्याला स्वतंत्र गुण द्या. ते खरं कष्टाचं काम आहे.

तिकडच्या बोलण्याच्या पद्धतीचीही मुलांना आणि स्वतःला तयारी करून द्या. डच विद्यार्थी ‘तुमचा हा भाग कच्चा आहे’ असं तोंडावर सांगतो. त्यात अपमान नसतो. उलट आपलं ‘बघते, करते, होऊन जाईल’ ते होकार म्हणून लिहून घेतात आणि त्या तारखेला वाट पाहतात. जमणार नसेल तर स्पष्ट ‘नाही’ म्हणा. त्याने संबंध बिघडत नाहीत, उलट टिकतात. ते तुम्हाला नावाने हाक मारतील, विद्यार्थीसुद्धा. वाईट वाटून घेऊ नका.

विभागप्रमुखांच्या सूचनेवर माझं उत्तर ठाम आहे: ज्यांनी त्या पेपरवर काम केलेलं नाही, त्यांचं नाव त्यावर घालायचं नाही. आणि कृपा करून ते डच प्राध्यापकांना विचारूही नका, कारण तो प्रश्न विचारल्याक्षणी हे नातं संपेल. टिलबर्ग विद्यापीठातले सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडरिक स्टापेल यांनी वर्षानुवर्षं खोटी आकडेवारी रचल्याचं २०११ मध्ये उघड झालं आणि त्यांचे पन्नासहून अधिक निबंध मागे घेतले गेले. त्या प्रकरणाने तिथलं विद्यापीठीय जग हादरलं. संशोधनाच्या सचोटीची त्यांची राष्ट्रीय आचारसंहिता २०१८ मध्ये नव्याने आली आणि ती लोक गंभीरपणे घेतात. आपल्याकडेही यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या ‘केअर’ यादीत नाव दिसलं की पेपर चांगला, हा सोपा आधार आता राहिला नाही. पुणे विद्यापीठाच्या केंद्रातून चालणारी ती यादी यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली, आणि नियतकालिकाचा दर्जा तपासण्याची जबाबदारी संस्थांवर आली. विभागप्रमुखांना हे सौम्यपणे सांगता येईल: ‘सर, त्या पेपरवर आपलंच नाव राहू द्या, चांगला आहे. डच प्राध्यापकांबरोबरचा पेपर आपण नव्याने करू, त्याला वर्ष लागेल.’

हीच गोष्ट उलट बाजूनेही सांभाळा, आणि याबद्दल मला जास्त काळजी वाटते. अशा भागीदाऱ्यांत बहुतेकदा असं होतं की इकडच्या अध्यापकाने गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरून आणायच्या, विश्लेषण आणि लिखाण तिकडे व्हायचं, आणि शेवटी आपलं नाव तळाच्या आभारात. हे वाईट हेतूनेच होतं असं नाही. आपण सुरुवातीला काही बोलत नाही आणि समोरच्याला वाटतं, यांना एवढंच हवं आहे. म्हणून संशोधनाची पहिली चर्चा होईल त्याच आठवड्यात मेलवर लिहून ठेवा: प्रश्न दोघांनी मिळून ठरवायचा, लेखकांची नावं कोणत्या क्रमाने येतील, मूळ मराठी मुलाखती आणि त्यांची प्रत तुमच्या संस्थेत राहील, केस विकली गेली तर मानधन कसं वाटायचं. मराठी मुलाखतींचा अर्थ लावण्याचं काम तुमच्याकडेच असू द्या, केवळ भाषांतर करून पाठवू नका. बागायतदार ‘यंदा जमलं’ म्हणतो तेव्हा त्याला नफा झाला की नुसतं कर्ज फिटलं, हे तुम्हाला कळतं. सांख्यिकी त्यांची पक्की असेल तर ती त्यांच्याकडून शिकून घ्या.

परवानग्यांचं काम आधी उरका. युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहितीचा कायदा २०१८ पासून लागू आहे, आपलाही डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. ज्यांची मुलाखत घ्याल त्यांच्याकडून मराठीत, साध्या भाषेत संमतीपत्र घ्या: माहिती कुठे जाईल, नाव छापणार की नाही, मागे फिरायचं असेल तर काय करायचं. तिकडची नैतिकता समिती हे मागेलच. तुमच्या कॉलेजात अशी समिती नसेल तर तीन-चार वरिष्ठ अध्यापकांची स्थापन करून घ्या. आणि परदेशातून संस्थेच्या खात्यात एक रुपयाही येणार असेल, तर त्याआधी ट्रस्टच्या सीएंना एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालच्या, नोंदणीबद्दल विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

एजन्सीबद्दल थोडक्यात. दर मुलामागे पावणेतीन लाख म्हणजे चाळीस मुलांचे एक कोटी दहा लाख. हा पैसा पालक कुठून आणतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एजन्सीला लेखी विचारा की दहा दिवसांत वर्गात शिकवण्याचे तास किती, कोणता अध्यापक काय शिकवणार, सर्टिफिकेटवर सही विद्यापीठाच्या कोणत्या विभागाची, आणि त्याला श्रेयांक आहेत का. उत्तरं आली नाहीत, तर ती सहल आहे. सहलीला जाण्यात गैर काही नाही, पण ती सहल म्हणूनच सांगावी आणि सहलीच्याच पैशांत न्यावी. मुलांना खरोखर तिकडे शिकायला पाठवायचं असेल तर युरोपीय संघाची इरॅस्मस प्लस योजना आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्याला यजमान विद्यापीठाची फी पडत नाही आणि खर्चासाठी अनुदान मिळतं. पण अर्ज युरोपातल्या विद्यापीठाने करायचा असतो. तुमच्याबरोबर एक-दोन वर्षं काम केलेले अध्यापकच त्यासाठी आपल्या कार्यालयात भांडतील. तुम्हाला स्वतःला परदेशी प्राध्यापकांचं शिकवणं जवळून पाहायचं असेल तर सरकारच्या ‘ज्ञान’ (GIAN) योजनेखाली मोठ्या संस्थांत होणाऱ्या छोट्या अभ्यासक्रमांना नाव नोंदवा. बाहेरच्या कॉलेजांतल्या अध्यापकांनाही तिथे प्रवेश मिळतो.

जुन्या सहा करारांचं काय करायचं? प्रत्येक ठिकाणी एक मेल पाठवा, तुमच्या विषयातल्या एका अध्यापकाचं नाव मागा. महिनाभरात उत्तर नाही आलं तर तो करार मुदत संपेपर्यंत राहू द्या, नूतनीकरण करू नका. नॅकसाठी एकच जिवंत काम पुरावा म्हणून भक्कम ठरतं: हजेरी, गटांचे अहवाल, दोन्ही अध्यापकांच्या गुणपत्रिका, संमतीपत्रं. हे कागद काम केलं की आपोआप तयार होतात. नवा करार पहिल्या बॅचनंतर करा, आणि त्यात तुम्हा दोघांची नावं, विषय, आठवडे आणि मुदत लिहा. संचालक सरांकडे तुम्ही स्वतःसाठीही एक गोष्ट मागा: या सत्रात आठवड्याला दोन तासांचा वर्कलोड कमी करून द्यावा. अध्यापकाने हे काम घरी रात्री बसून करायचं, असं गृहीत धरलं की दुसऱ्या वर्षी ते बंद पडतं.

त्या एक पानात काय लिहाल? पहिल्या परिच्छेदात तुमची मुलं कोण, कुठून येतात, त्यातल्या किती जणांच्या घरी बाग आहे. दुसऱ्यात २०१० चं प्रकरण किंवा आफ्रिकेच्या वळशाचं, आणि तुम्हाला त्यातला न कळलेला एक प्रश्न, जो फक्त रॉटरडॅमला सुटू शकतो. तिसऱ्यात फेब्रुवारी-मार्चमधले सहा आठवडे आणि तुमच्या मोकळ्या वेळा, त्यांच्या घड्याळाप्रमाणे लिहिलेल्या. कॉलेजच्या इमारतीचे फोटो, पुरस्कार, स्थापनेचा इतिहास यातलं काही जोडू नका. पॅकहाऊसचा एक फोटो जोडला तर चालेल.

तिकडचं वेळापत्रक सत्र सुरू होण्याच्या कितीतरी आधी पक्कं होतं. गोडी छाटणी उरकेपर्यंत तुमचं दोघांचं ठरलं तर काढणीच्या वेळी मुलं बागेत असतील. त्यानंतर ठरलं तर द्राक्षं संपलेली असतील आणि पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागेल.